भूगोलाच्या दारावरच्या टाचण्या

योजना आखण्यात माझा हात धरणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. उभी हयात मी एका कार्यालयाच्या नियोजन विभागात काढली. माझ्या योजनांनी तिथली तीन कपाटं भरली आणि चौथ्याचं दार लागेनासं झालं. त्यातली एकही योजना कधी अमलात आली नाही, त्यामुळे कोणाला इजाही झाली नाही. निरोपसमारंभात साहेबांनी नेमक्या याच मुद्द्यावर माझं कौतुक केलं होतं. तेव्हा भूगोलाचा वर्ग वाचवायची पाळी आल्यावर ते काम माझ्याशिवाय कोणाचं होतं, तुम्हीच सांगा.

आता या वयात माझा भूगोलाशी संबंध कसा आला, तर तो बहिणीमुळे.

बायको गेल्यावर माझी सकाळ बरी जायची. सकाळी माणसाला कामं असतात, नसली तर काढता येतात. दुपारी झोप असते. पंचाईत होते ती संध्याकाळची. दिवे लावावेत की राहू द्यावेत अशा बेताचा उजेड असतो, तेव्हा घरातल्या खुर्च्या जरा जास्तच दिसायला लागतात. माझी थोरली बहीण मला सोबत म्हणून राहायला आली. ताई मला अजून बाळ म्हणते. माझे दात गेले, केस गेले, पण बाळपण काही जायला तयार नाही. महिनाभर तिने माझी संध्याकाळ पाहिली आणि एक दिवस टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाली, "बाळ, संध्याकाळचा कुठेतरी जात जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. मी मालिका बघत असताना मागे बसून कोणी उसासे टाकलेले मला चालत नाहीत. कोण मेलं तेच ऐकू येत नाही."

आमच्या मागच्या रस्त्यावर एक संध्याकाळचं कॉलेज आहे. नोकरी करून थकलेली, नोकरी शोधून थकलेली आणि नोकरी संपवून थकलेली, अशी सगळ्या प्रकारची थकलेली माणसं तिथे काही ना काही शिकायला येतात. ताईने माझं नाव व्यवसायाच्या वर्गात घातलं, कारण व्यवसायाबरोबर भूगोल फुकट होता. साबणाच्या वड्यांबरोबर साबणदाणी देतात ना, तसा.

व्यवसायाचा वर्ग पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या अगदी तोंडाशी. मोठी खोली, नवे बाक, आणि बसायला जागा नाही इतकी गर्दी. शिकवणारे सर तरुण होते, टापटिपीचे होते, आणि हजेरीसुद्धा आपल्याला काहीतरी विकत असल्यासारखी घ्यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं : लोकेशन म्हणजे सर्व काही. मी ते उतरवून घेतलं. पुढे हे वाक्य कोणाच्या डोक्यात पडणार आहे, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

भूगोलाची खोली मात्र दुसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या पार टोकाला. तिच्यापुढे फक्त एक शौचालय होतं. ते कधीतरी बिघडलं, कधीतरी दुरुस्त झालं, पण दुरुस्त झाल्याचं कोणाच्या कानावरच गेलं नाही. खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीला शेजारच्या इमारतीची भिंत होती. आतल्या भिंतीवर ओल आली होती. ती आमच्या डोळ्यांदेखत पसरायची, त्यामुळे जगाचा नकाशा दर काही दिवसांनी थोडा सरकवून लावावा लागे. पृथ्वीच्या गोलाचा पाय मोडलेला होता, म्हणून पृथ्वी एका पातेल्यात ठेवलेली होती.

अशा खोलीत आमच्या बाई शिकवत. सडपातळ, पन्नाशीच्या, कोपराला रफू केलेला स्वेटर घातलेल्या. आवाज असा की जगात कुठे काही बरं चाललं असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. पण शिकवायच्या फार छान. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक नदी काढली. म्हणाल्या, "नदी वळण घेते. पुढे तिला जवळची वाट सापडते आणि ती सरळ निघून जाते. वळणात राहिलेलं पाणी तिथेच राहतं. त्याचं तळं होतं. त्याला नालाकृती सरोवर म्हणतात. ते हळूहळू आटतं."

मी वहीत लिहिलं : नालाकृती सरोवर, आणि पुढे कंसात माझं नाव.

आम्ही विद्यार्थी पाच. मी. एक निवृत्त ट्रकवाले, ज्यांना आयुष्यभर ज्या रस्त्यांवरून गाडी हाकली ते नेमके कुठे होते हे आता जाणून घ्यायचं होतं. एक निवृत्त नर्सबाई, ज्या वर्गात शिरल्या की आधी सगळ्यांचे चेहरे तपासत. आणि एक नवरा-बायको. या दोघांचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि ते एकमेकांशी बोलत नसत. दोन टोकांच्या दोन बाकांवर बसत आणि काही सांगायचं झालं तर मध्ये बसलेल्या ट्रकवाल्यांना सांगत. ट्रकवाले बिचारे आयुष्यभर माल इकडून तिकडे पोचवत आलेले, त्यांना त्याचं काही वाटत नसे.

एक दिवस बाई वर्गात आल्या, खडू उचलला आणि म्हणाल्या, "बारापेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग या सत्रानंतर बंद होणार आहेत, असं प्राचार्यांनी कळवलंय. म्हणजे आपला. आज हिमनद्या."

कोणाचंच लक्ष हिमनद्यांत लागलं नाही. नर्सबाईंनी विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

"भेटवस्तूंच्या एका दुकानात वस्तू कागदात गुंडाळून द्यायला बाई हवी आहे. माझी घडी सरळ पडते." बाईंनी फळ्यावर एक हिमनदी काढली. "वीस वर्षं नकाशे गुंडाळतेच आहे."

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि सगळे दिवे लावले. ताई म्हणाली, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता संध्याकाळचा घरीच का?" तिने टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी चिंता दिसली तशी मी बायकोच्या आजारपणात हॉस्पिटलमध्येसुद्धा पाहिली नव्हती. त्याच क्षणी मी योजना आखायला बसलो.

योजना अशी होती. कॉलेजात कॅन्टीन काढायचं घाटत होतं. चहा, कॉफी, बिस्किटं, सँडविच. ते इमारतीत कुठे काढावं, हे ठरवायचं काम प्राचार्यांनी व्यवसायाच्या वर्गाला प्रकल्प म्हणून दिलं होतं. त्यासाठी सर्वेक्षण हवं, असं सर रोज सांगायचे, आणि सगळे विद्यार्थी रोज माना डोलावून घरी जायचे. मी सरांना म्हटलं, "सर, इमारतीत माणसं कुठून कुठे जातात हा तर सरळसरळ भूगोल आहे. आमचा भूगोलाचा वर्ग करून देईल."

"फुकट?" सरांनी विचारलं.

"भूगोल फुकटच असतो, सर."

प्राचार्यही खूश झाले. भले मोठे गृहस्थ, बोलताना समोर कायम सभा बसली असल्यासारखे बोलत. म्हणाले, "सर्वेक्षण उपयोगी पडलं, तर भूगोलाचा आम्ही अवश्य फेरविचार करू." मी हे बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ पातेल्यातल्या पृथ्वीकडे पाहत राहिल्या.

"काका, मला नद्या शिकवायच्या आहेत. चहा कुठे विकावा ते नाही."

"बाई, नद्या वाचवायच्या असतील तर चहा विकावा लागेल."

शेवटी त्या तयार झाल्या, आणि एकदा तयार झाल्यावर मात्र त्यांनी ते काम हिमालय मोजायला निघाल्यासारखं मनावर घेतलं. इमारतीचा मोठा आराखडा काढून भिंतीवर लावला. लाल डोक्याच्या टाचण्यांचे डबे आणले. प्रत्येकाला जागा नेमून दिली. ट्रकवाले मुख्य दरवाज्याशी, नर्सबाई व्यवसायाच्या वर्गाशी, नवरा वाचनालयाशी, बायको संगणकाच्या खोलीशी. माझे गुडघे लक्षात घेऊन मला भूगोलाच्याच दाराशी खुर्ची टाकून दिली.

"समोरून माणूस गेला की त्या जागी एक टाचणी," बाई म्हणाल्या. "आणि ती लगेच वर येऊन लावायची. लक्षात ठेवून नंतर लावलेली टाचणी ही आठवण असते, नोंद नसते."

"ओळखीचा माणूस असला तर?" मी विचारलं.

"भूगोलात ओळख नसते. जो गेला तो गेला. मोजायचा."

सर्वेक्षण सुरू झालं. खाली दरवाज्यातून एक माणूस आत आला की ट्रकवाले दोन जिने चढून धापा टाकत वर येत, टाचणी लावत, आणि दोन जिने उतरून जात. दरम्यान दरवाज्यातून आणखी कितीतरी माणसं आत येऊन, जागेवर बसून, जांभया द्यायला लागलेली असत. नर्सबाई वॉर्डात फेरी घालावी तशा झपाझप येत-जात. नवरा-बायको तर विचारूच नका. नवरा टाचणी लावायला आला की व्हरांड्यात बायको भेटायची, दोघं त्याच्या दोन कडांनी सरकत जायचे, आणि मग आपल्या मागे आराखड्यासमोर कोण जास्त वेळ उभं राहिलं, ते बघायला परत यायचे.

मी माझ्या खुर्चीवर बसून इमानाने मोजत होतो. ट्रकवाले आत गेले, एक. बाहेर आले, दोन. नर्सबाई, तीन. एवढं झालं की मी उठून आत जाऊन टाचण्या लावायचो. जाताना आणि येताना मीसुद्धा त्या दारातूनच जायचो, म्हणून मी मलाही मोजलं. माणूस म्हणून तेवढा हक्क मला आहे, असं मला वाटलं.

"लेका, माझ्या ट्रकनं आयुष्यात इतका घाट चढला नसेल," ट्रकवाले एकदा भिंतीला टेकून म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यांना मोजलं.

काही दिवसांतच आराखड्यावर भूगोलाच्या दाराशी गोवर उठल्यासारखा लालभडक पट्टा दिसायला लागला. खाली मुख्य दरवाज्याशी, व्यवसायाच्या वर्गाशी टाचण्या होत्या, नाही असं नाही, पण आमच्या दाराशी त्याच्या दुप्पट! आम्ही पाचही जण त्या नकाशासमोर उभे राहून बघत राहायचो. आयुष्यात प्रथमच आम्ही कुठल्यातरी गर्दीच्या ठिकाणी होतो.

बाईंचं तर काय सांगू. पहिल्या दिवशी त्यांनी टाचण्या दोनदा मोजल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या खोलीवरून एवढी माणसं जातात? मला कधी कळलंच नाही. मी पाठमोरी असते ना, फळ्याकडे." तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडं ठेवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी कुठूनतरी एक जादा बाक आणून दाराजवळ ठेवला. कोणी आत डोकावलं तर त्याला बसता यावं म्हणून. रोज शिकवायला लागण्याआधी त्या तो बाक फडक्याने पुसायच्या.

मग प्राचार्यांच्या खोलीत सादरीकरण झालं. सरांनी आराखडा भिंतीवर लावला, छडी घेतली आणि त्या लाल पट्ट्यावर टेकवली. "सर, डेटा आपल्यासमोर आहे. सगळं कॉलेज इथून जातं. लोकेशन म्हणजे सर्व काही. कॅन्टीन भूगोलाच्या खोलीत."

माझ्या हातातला पाण्याचा पेला तिथेच थांबला. सादरीकरणाचा शेवट असा होईल, हे माझ्या योजनेत कुठेच नव्हतं.

प्राचार्य भारावून गेले होते. "भूगोल हा इतका उपयोगाचा विषय असेल असं मला वाटलं नव्हतं. बाई, शब्द दिल्याप्रमाणे तुमचा वर्ग आम्ही चालू ठेवतो. फक्त खोली घेतो."

"मग वर्ग कुठे भरवायचा?" बाईंनी विचारलं.

"बाहेर. अंगणात, जिन्यावर, कुठेही. भूगोल बाहेरच असतो, बाई. डोंगर बाहेर, नद्या बाहेर. तुम्ही तो उगीच इतकी वर्षं आत कोंडून ठेवलात. सोमवारी समितीपुढे ठेवू आणि शिक्का मारू."

त्या संध्याकाळी ताई मटार सोलत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. पट्टा, टाचण्या, जिना. ती दाणे काढत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "बाळ, तुझ्या दारावरून एवढं कोण जात होतं रे?"

"माणसं."

"कुठली?"

"ट्रकवाले, नर्सबाई, तो नवरा, ती बायको."

"आणखी?"

"मी."

ताईने शेंग खाली ठेवली. "म्हणजे खाली एक माणूस दिसला की तुमचा एक माणूस वर येणार, टाचणी लावून खाली जाणार. त्याने खाली एक टाचणी लावली की तू दारावर दोन लावणार."

"हो."

"म्हणजे तुम्ही पाच जण इतके दिवस एकमेकांना मोजत होतात."

मी एक शेंग उचलून सोलायला लागलो. ताई पुढे म्हणाली, "बरं, दाणे जरा जास्त आहेत, कालवणात घालू ना सगळे?" मी म्हटलं घाल.

पण तुम्हाला सांगतो, रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की ही तर आनंदाची बातमी आहे. नकाशा चुकला, म्हणजे कॅन्टीन तिथे निघणार नाही. खोली वाचली! दुसऱ्या दिवशी मी जवळजवळ धावतच बाईंकडे गेलो. चौघंही तिथेच होते. मी घडाघडा सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग त्या उठल्या आणि भूगोलाच्या दारावरच्या टाचण्या एकेक करून काढायला लागल्या. "हे तुम्ही," त्या ट्रकवाल्यांना म्हणाल्या. "हे तुम्ही. हे नर्सबाई. हे काका. हे काका. हे काकाच." बराच वेळ टाचण्या डब्यात पडत राहिल्याचा आवाज येत होता. शेवटी दारावर फक्त दोन उरल्या.

"ही कोणाची?" बाईंनी विचारलं.

मला आठवलं. "एक अनोळखी गृहस्थ आले होते. शौचालय शोधत होते."

"आणि ही?"

"तेच. परत जाताना."

बाई त्या दोन टाचण्यांकडे बघत राहिल्या. मग हळूच दाराजवळच्या त्या जादा बाकावर बसल्या. तो बाक आणल्यापासून त्यावर बसलेलं ते पहिलं माणूस.

आधी नर्सबाईंच्या लक्षात आलं. "म्हणजे खोटा नकाशा राहू दिला तर वर्ग राहतो, खोली जाते. आणि खरा दिला तर खोली राहते, पण प्राचार्यांनी शब्द दिला होता तो सर्वेक्षण उपयोगी पडलं तर. वर्ग जातो."

"तिला सांगा, काहीतरी मध्यम मार्ग काढायला पाहिजे," नवरा ट्रकवाल्यांना म्हणाला.

"ते म्हणतायत, काहीतरी मध्यम मार्ग," ट्रकवाले बायकोला म्हणाले.

"ऐकू आलं मला," बायको म्हणाली. "आयुष्यभर मध्यम मार्गच काढत आलेत."

मध्यम मार्ग हा माझा प्रांत. मी म्हटलं, "बाई, सगळ्या नको, अर्ध्या टाचण्या काढू. म्हणजे गर्दी दिसेल, पण कॅन्टीन काढण्याइतकी दिसणार नाही. खोलीही राहील, वर्गही राहील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पृथ्वीचा पाय मोडला तेव्हा पाहिलं असेल, तसं. "काका, मी विद्यार्थ्यांना काय शिकवलं? डोंगर मध्ये येतो म्हणून नकाशात तो अर्धा दाखवायचा?"

"नाही."

"मग."

सोमवारी समिती बसली. प्राचार्य, कारकून, सर, बाई, आणि मागच्या रांगेत आम्ही पाच जण, अंत्ययात्रेला आल्यासारखे. बाईंनी दुरुस्त केलेला नकाशा लावला आणि हिमनद्या शिकवाव्यात त्या आवाजात सांगितलं की आधीच्या नोंदीत आम्ही स्वतःलाच मोजलं होतं. चूक पद्धतीची आहे, आणि पद्धत त्यांची आहे.

मग प्राचार्य म्हणाले, "म्हणजे तुमच्या खोलीकडे कोणीच येत नाही?"

"एक गृहस्थ आले होते," बाई म्हणाल्या. "पण त्यांना दुसरीकडे जायचं होतं."

कारकुनाने कागदावर काहीतरी लिहिलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मी खाली बघितलं, माझ्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. तेवढ्यात नर्सबाई उभ्या राहिल्या. "साहेब, या बाईंनी आत्ता तुमचं कॅन्टीन वाचवलं. नाहीतर तुम्ही ते निर्मनुष्य ठिकाणी काढणार होतात. चहा उकळून उकळून आटला असता."

प्राचार्य विचारात पडले. मग चष्मा लावून नकाशाजवळ गेले. "मग खरी गर्दी कुठे आहे?"

बाईंनी छडी ठेवली ती पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. तिथे लाल टाचण्यांचा खराखुरा पुंजका होता. "इथे. व्यवसायाच्या वर्गात."

सर ताडकन उभे राहिले. "पण तिथे माझा वर्ग आहे!"

"सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "लोकेशन म्हणजे सर्व काही."

ट्रकवाल्यांना ठसका लागला. नवऱ्याने नकळत बायकोकडे पाहिलं, बायकोने नकळत नवऱ्याकडे पाहिलं, आणि आपण काय करून बसलो ते लक्षात येऊन दोघांनी माना फिरवल्या.

पुढचं सगळं फार भराभर झालं. कॅन्टीन व्यवसायाच्या खोलीत काढायचं ठरलं. मग व्यवसायाच्या वर्गाने जायचं कुठे? मोकळी खोली एकच, भूगोलाची. आणि भूगोल? इथे प्राचार्य सभेला उद्देशून म्हणाले, "माणसं कुठे आहेत हे व्यवसाय सांगतो. कुठे नाहीत हे सांगायला भूगोल लागतो, हे आज सिद्ध झालं. दोन्ही वर्ग एकत्र करू. एक खोली, एक विषय : व्यवसाय आणि भूगोल. अर्धा तास सर, अर्धा तास बाई. विद्यार्थी बारापेक्षा कितीतरी जास्त. नियमही मोडत नाही."

बाईंनी आराखडा उतरवला आणि गुंडाळला. घडी खरंच सरळ पडली. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "काका, इतक्या मुलांना नद्या शिकवायच्या म्हणजे खडू जास्त लागतील." आणि हसल्या. बाईंना हसता येतं हे तोवर आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. नर्सबाईंनी काळजीने त्यांचा चेहरा तपासला.

तर वर्ग वाचला. माझी एक तरी योजना अमलात आली. नवं सत्र सुरू झालं त्या दिवशी मी नवा शर्ट घालून नावनोंदणीला गेलो.

"जागा भरल्या," कारकून म्हणाला.

"अहो, पण हा वर्ग माझ्यामुळेच चालू राहिलाय."

"खोली लहान आहे. जुन्या व्यवसायाच्या विद्यार्थ्यांना आधी प्रवेश."

"मी व्यवसायालाही होतो की."

कारकुनाने कागद चाळला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही व्यवसायात नापास आहात. सरांनी शेरा लिहिलाय : प्रकल्पात चुकीची माहिती पुरवली." तो भला माणूस होता. म्हणाला, "प्रतीक्षायादीत नाव टाकू का?" मी म्हटलं टाका. ट्रकवाले, नर्सबाई आणि ते नवरा-बायको यांनी फुकटचा भूगोल कधीच घेतला नव्हता, ते नुसत्या भूगोलाचे विद्यार्थी होते. त्यांना जुने म्हणून आपोआप घेतलं; माझा भूगोल व्यवसायाबरोबर आला होता, तो व्यवसायाबरोबरच गेला. जादाच्या बाकावर नवरा आणि बायको शेजारी शेजारी बसतात, कारण दुसरी जागाच नाही. ट्रकवाले सांगतात, आता त्यांना निरोप पोचवायचं काम उरलेलं नाही.

मी संध्याकाळचा कॅन्टीनमध्ये जाऊन बसतो. चहा बरा असतो. गर्दी असते. नकाशा खरा होता. खिडकीबाहेर उजेड उतरायला लागला, दिवे लावावेत की राहू द्यावेत असा झाला, की मी उठतो, एक जिना चढून जातो आणि व्हरांड्याच्या टोकाला त्या कोणालाच माहीत नसलेल्या शौचालयाकडे जातो. वाटेत भूगोलाचं दार लागतं. ते अजून उघडंच असतं. आत मुलं दाटीवाटीने बसलेली असतात, बाई फळ्यावर नदीचं वळण काढत असतात, पाठमोऱ्या. मी जरा हळू चालतो. सरोवर येतं का बघतो. मग पुढे जातो, थोडा वेळ थांबतो, आणि परत येतो.

दाराबाहेर बाईंनी तो आराखडा आता कायमचा लावून ठेवलाय. कोणी त्यांना सांगितलेलं नाही, पण त्या मोजत असतात. भूगोलाच्या दारावर रोज दोन टाचण्या वाढतात. जाताना एक, येताना एक.

परवा प्राचार्य तिथून जाताना थांबले आणि नकाशा बघून म्हणाले, "बघा, भूगोलाकडे लोकांची ओढ दिवसेंदिवस वाढते आहे."

ताईचं मत वेगळं आहे. रोज त्याच वेळी शौचालय, हे ऐकून तिने डॉक्टरची वेळ घेतली आहे.